कोरडी नदीही कायद्याने नदीच

खानदेशात गिरणा व पांझरा या नद्यांचे पात्र उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी कोरडे पडते. अशा पात्रात सांडपाणी सोडण्यास हरकत नाही, हा समज चुकीचा आहे. १९७४ चा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम महाराष्ट्रात १९८१ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत वाहता तसाच तूर्त कोरडा असलेला प्रवाह आणि भूगर्भातील पाणीही येते.

यामागील कारण उघड आहे. वाहत्या पाण्यात घाण पातळ होते. कोरड्या पात्रात ती वाळूतून मुरून काठच्या विहिरींत उतरते, अथवा पहिल्या पुराबरोबर बंधाऱ्यात व तेथून पाटाने पांझरेकाठच्या फडात जाते.

म्हणून नदी घाण वाहून नेईल या भरवशावर गटाराची रचना करता येत नाही; सांडपाणी आधीच शुद्ध करावे लागते. नगराचे वा कारखान्याचे सांडपाणी सोडण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. हक्काने बांधलेल्या बंधाऱ्यास वा पुलास मात्र हा कायदा आड येत नाही.

ग्रामसेवकांनी मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डे घेण्यास सांगावे. ते विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास असावेत. शेतकऱ्यांनी उकिरडे नाल्याच्या काठावरून हलवावेत. ही कामे पावसाळ्यापूर्वीच उरकावीत.