कबड्डीच्या लिलावाची बारा वर्षं

मे २०१४. मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला आणि सर्वांत महाग खेळाडू ठरला राकेश कुमार. पाटणा पायरेट्सनं त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण पावणे, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांमध्ये त्याचा अर्थ लगेच कळला. जमिनी एमआयडीसी आणि सिडकोकडे गेलेली ही गावं. इथं पोराच्या अंगात कबड्डी असली, तर त्याचं फळ म्हणजे कायमची नोकरी, हे पिढ्यांचं गणित होतं. चढाईला पैसे मिळतात, तेही बोली लावून, ही गोष्ट नवी होती.

जुन्या व्यवस्थेतही खेळाडूंची ओढाताण होतीच. मंडळाकडून खेळणारा पोरगा जिल्ह्यात चमकला, राज्य अजिंक्यपदाला निवडला गेला, की रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्रा असे व्यावसायिक संघ त्याला उचलत. पगार फार मोठा नसे. पण गुडघा गेला तरी हजेरीपटावरचं नाव जात नसे. त्या काळात खेळाडूची कीर्ती त्याच्यासोबत म्हातारी होत असे आणि कचेरीतली खुर्ची तिला आधार देई. मला ती व्यवस्था आदर्श वाटत नाही; वशिला तिथंही चालत होता. तरी एका वाईट हंगामानं माणसाची किंमत उतरत नव्हती, एवढं तिच्या बाजूनं म्हणायलाच हवं.

या दोन्ही व्यवस्थांत पाय असलेला खेळाडू म्हणजे रिशांक देवाडिगा. मुंबईचा, भारत पेट्रोलियमचा, आणि पहिल्या हंगामापासून यू मुंबाचा. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली २०१५ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या त्या संघात अडलेल्या वेळी, ‘करा किंवा मरा’ अशा तिसऱ्या चढाईला, त्याला पाठवायचे. २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाले आणि तो यूपी योद्धाकडे गेला. तिथं जयपूरविरुद्ध एका सामन्यात त्यानं चढाईचे २८ गुण घेतले. लीगमध्ये तोवर कोणी एवढे घेतले नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. पुढच्या मे महिन्यातल्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. त्या लिलावात पहिल्यांदा कोटीचा उंबरा ओलांडला गेला. एकूण सहा खेळाडू कोटीपर्यंत किंवा त्यापलीकडे गेले, सर्वांत वर १ कोटी ५१ लाखांचा मोनू गोयत. सांताक्रूझचा आपला माणूस त्या सहांत होता, याचा आनंद मुंबई-ठाण्याच्या मैदानांवर खरा होता. पण २०२१ मध्ये रिशांक बंगाल वॉरियर्समध्ये गेला, तेव्हा कोटीची भाषा संपलेली होती. चढाईतलं कसब तीन वर्षांत एवढं आटत नाही. आटते ती बोली लावणाऱ्यांची उत्सुकता.

त्याच २०१८ च्या लिलावात यू मुंबानं ३६ लाख ४० हजारांना एक तरुण घेतला. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमेवरचा हा मुलूख. उंच, रुंद खांद्यांचा हा गडी तीन-चार पकडपटूंना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठायचा. लोकांनी त्याला बाहुबली म्हटलं. पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे २१८ गुण घेतले. एप्रिल २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. म्हणजे एका हंगामात भाव जवळजवळ चौपट! २०२१ मध्ये पुन्हा १ कोटी ३० लाख, आणि त्या हंगामात दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळला. ज्या अंगानं त्याचं नाव केलं, त्याच अंगावर सगळा भार येत होता. २०२३ मध्ये हरयाणा स्टीलर्सनं त्याला १ कोटीला घेतलं तेव्हा बरं वाटलं, कारण बाजारानं निदान एकदा दुखापतीपलीकडे पाहिलं.

२०२१ चे ते १ कोटी ३० लाख कसे ठरले, हे नीट समजून घेतलं पाहिजे. दुसऱ्या संघाची शेवटची बोली लागली की जुना संघ तेवढीच रक्कम देऊन खेळाडू परत घेऊ शकतो. याला ‘फायनल बिड मॅच’ म्हणतात. टायटन्सनं तो हक्क वापरला. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्येही असा हक्क आहे, पण तिथं करार संपलेला खेळाडू आधी स्वतः ठरवतो की कोणाचा प्रस्ताव घ्यायचा. हेही तिथल्या खेळाडूंना सहज मिळालेलं नाही. ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूनं १९७० मध्ये खटला भरला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि १९८८ पासून अनुभवी खेळाडूंना जुन्या संघाच्या परवानगीशिवाय जाता येऊ लागलं. लेब्रॉन जेम्सनं २०१० मध्ये दूरचित्रवाणीवर मायामीला जात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याच्या जुन्या संघाच्या शहरात, क्लीव्हलँडमध्ये, त्याच्या नावाचे शर्ट जाळले गेले. २०१४ मध्ये तो परत आला आणि २०१६ मध्ये त्या शहराला विजेतेपद दिलं. त्याचं नाव खराब झालं ते त्याच्या निर्णयानं, आणि सावरलं तेही त्याच्याच निर्णयानं.

आपल्याकडे ती संधीच नाही. महंमदरेझा शादलुई हा इराणी अष्टपैलू २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणमध्ये आला आणि पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा लिलावात उभा! हरयाणानं २ कोटी ७ लाखांना घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरयाणा विजेता. २०२५ मध्ये पुन्हा लिलाव, या वेळी गुजरात, २ कोटी २३ लाख. लागोपाठ दोन वर्षं दोन संघांना करंडक देणाऱ्या खेळाडूला तिसरं घर निवडण्याचा हक्क नसेल, तर तो हक्क कोणाला मिळणार?

चढाईपटू पवन सेहरावतची गोष्ट उलटी. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजनं २ कोटी २६ लाख दिले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला. तरी २०२३ मध्ये त्याच्यावर २ कोटी ६० लाख ५० हजारांची विक्रमी बोली लागली. कीर्ती कधी दुखापतीवरही मात करते. मात्र प्रदीप नरवालच्या वाट्याला ते आलं नाही. २०१७ च्या एकाच हंगामात चढाईचे ३६९ गुण घेणारा, २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांना गेलेला हा ‘डुबकी किंग’ २०२५ च्या लिलावात पुकारला गेला आणि कोणीच हात वर केला नाही. त्यानंतर त्यानं निवृत्ती जाहीर केली. लीगला लीग बनवणाऱ्या माणसाचा निरोप भर सभागृहातल्या अशा शांततेत व्हावा, हे मला अजूनही सहन होत नाही. संघांनी तरुण खेळाडू घ्यावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाव पुकारण्याआधी त्याच्याशी बोलून त्याला सन्मानानं थांबू देता आलं असतं.

या सगळ्यात मनाला उभारी देणारा रस्ता अस्लम इनामदारचा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातला हा पोरगा तरुण खेळाडूंच्या योजनेतून पुणेरी पलटणमध्ये आला आणि संघानं त्याला सोडलं नाही. बी. सी. रमेश यांच्यासारख्या प्रशिक्षकाखाली, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशा मराठी साथीदारांबरोबर तो घडला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली पलटणनं हरयाणाला २८-२५ असं हरवलं. समोरच्या संघात सिद्धार्थ देसाई होता. त्या दिवशी मैदानावर महाराष्ट्राच्या दोन पोरांचे दोन प्रवास समोरासमोर होते, एक दर लिलावात नव्यानं मोजलेला आणि एक एकाच घरात वाढलेला.

म्हणून मागणी साधी आहे. पाच हंगाम खेळलेल्या खेळाडूचा करार संपला, की त्याच्यावरचा जुन्या संघाचा बोली जुळवण्याचा हक्क संपावा आणि आलेल्या प्रस्तावांतून त्यानं स्वतः संघ निवडावा. नव्या पोरांच्या करारात दुखापतीचा विमा आणि उपचारांचा खर्च लेखी असावा. पावण्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या पोराला कोटीचा आकडा आज तोंडपाठ आहे. करारात काय लिहिलेलं असतं, तेही त्याला तेवढंच ठाऊक असायला हवं, आणि हे सांगण्याचं काम जिल्हा संघटनांनी त्याची सही होण्याआधी करायला हवं.