चिंतेचीं शारीरिक लक्षणें व शेतकरी

मृगाचा पाऊस पडला, पेरणी उरकली आणि मग पावसानें दडी मारली. बीं मातींत, सोसायटीचें कर्ज डोक्यावर आणि आकाश कोरडें. अशा दिवसांत रात्रीं अंथरुणावर पडल्यावर छातींत धडधड सुरू होते, श्वास अपुरा वाटतो, बोटांस मुंग्या येतात. आणि 'आपल्या हृदयास कांहीं झालें असावें' ही शंका एकदां मनांत शिरली कीं झोंप उडते. प्रस्तुत लेखकानेंही अशा कांहीं रात्री काढल्या आहेत. पुष्कळ शेतकरी ही गोष्ट घरांत बोलूनही दाखवीत नाहींत. म्हणून तिचा येथें विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हीं लक्षणें खोटीं नव्हत. धोका जाणवतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन लहान ग्रंथींतून ॲड्रेनलीन नांवाचा स्राव रक्तांत मिसळतो. हृदय वेगानें चालूं लागतें, स्नायू ताठतात, पचन मंदावतें. गोठ्याजवळ बिबळ्या आला असतां बैलाची जी अवस्था होते तीच ही. शरीर पळण्यास वा झुंजण्यास सज्ज होतें. परंतु कर्जाच्या हप्त्यापासून पळतां येत नाहीं व रुसलेल्या पावसाशीं झुंजतां येत नाहीं. श्वास भराभर घेतल्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु घटतो व त्यामुळें बोटांस मुंग्या येतात. त्यांचीच भीति वाटली कीं धडधड आणखी वाढते. असें हें रहाटगाडगें रात्रभर फिरत राहतें.

हा अनुभव नवा नव्हे. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत जेकब डा कोस्टा या डॉक्टरानें ३०० हून अधिक सैनिक तपासले व १८७१ मध्यें आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं. धडधड, छातींत कळ, धाप अशा त्यांच्या तक्रारी होत्या; पण पुष्कळांच्या हृदयाच्या रचनेंत दोष आढळला नाहीं.

भर दुपारीं कपाशीचीं पानें मलूल झालीं म्हणून जाणता शेतकरी लगेच 'मर लागली' असें म्हणत नाहीं. तो पहांटे पुन्हां पाहतो. पानें ताठ झालीं असल्यास तो उन्हाचा परिणाम. तशींच लोंबत असल्यास मूळ तपासतो. आपल्या देहाविषयीं मात्र आपण पहिल्याच धडधडीस मर ठरवून मोकळे होतों.

परंतु हा दृष्टांत सर्वत्र लावूं नये. छातींत दडपण येऊन कळ हातांत, खांद्यांत वा जबड्यांत सरकत असेल, दरदरून घाम सुटला असेल किंवा घेरी येत असेल, तर पहांटेची वाट न पाहतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, धाप किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणें हीं विषबाधेचीं लक्षणें असूं शकतात. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत अशा विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा वेळीं 'चिंतेमुळें होत असेल' असें म्हणून स्वस्थ बसणें प्राणघातक होय. औषधाची बाटली बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गांठावा.

एरवींही वारंवार त्रास होत असल्यास एकदां नीट तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, हृदयाचा विद्युत्-आलेख, रक्तांतील हिमोग्लोबिन व थायरॉईड यांची परीक्षा डॉक्टर सुचवितील. कारण पंडुरोगानें व थायरॉईडच्या अतिरेकानेंही धडधड होते. तपासणी निर्दोष निघाल्यावर मात्र तीवर विश्वास ठेवावा. मीं तसें न करितां पंधरवड्यांत आणखी दोन डॉक्टर गांठले. पैसा गेला, शंका राहिली. मूळ धरलें कीं नाहीं हें पाहण्यास रोप रोज उपटलें तर तें जगत नाहीं.

रात्रीं धडधड सुरू झाल्यास उठून बसावें व श्वास सावकाश सोडावा. सायंकाळनंतरचा चहा व तंबाखू वर्ज्य करावीं. कर्जाचा हिशेब एकट्यानें मनांत न घोळवितां कागदावर मांडावा व घरच्या माणसांसमोर ठेवावा. मन फारच खचल्यास २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलतां येतें. मला पहिली पुरती झोंप लागली ती घरांत हिशेब उघड केला त्या रात्रीं. पाऊस त्यानंतर आठ दिवसांनीं आला.