ॲलन फील्डहाउस : सामन्याचा दिवस

सकाळी ६. कॅन्ससच्या थंडीत लॉरेन्स गावात अजून उजाडलेलंही नाही, पण विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउसच्या आतल्या मार्गिकांत पोरं पांघरुणं नि पुस्तकं घेऊन बसलीत. चांगली जागा मिळावी म्हणून गटागटाने नंबर लावायचा, क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो. गटातला निदान एक जण तरी हजेरीला हवाच. बास्केटबॉलसाठी इतकी शिस्त स्वतःहून पाळणारे विद्यार्थी मला फार मोलाचे वाटतात.

सकाळी ११. आत शांतता. उंचावरच्या खिडक्यांतून ऊन थेट लाकडी मैदानावर उतरतं. बंदिस्त सभागृहांत हे सुख विरळाच. मैदानाला जेम्स नायस्मिथ यांचं नाव आहे. १८९१ मध्ये त्यांनी हा खेळ शोधला, १८९८ मध्ये ते या विद्यापीठात आले. प्रशिक्षक म्हणून त्यांची कामगिरी ५५ विजय, ६० पराभव! इमारतीला मात्र नाव त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांचं. नायस्मिथ यांचे मूळ टंकलिखित १३ नियम शेजारच्याच इमारतीत जपून ठेवलेत.

दुपारी १. दोन्ही संघ आळीपाळीने हलका सराव करून जातात. ही वास्तू १९५५ मध्ये खुली झाली. कोरियन युद्धामुळे पोलादाची टंचाई होती, म्हणून लष्करी प्रशिक्षणाची सोय दाखवून ते मिळवावं लागलं. मार्च १९६८ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी इथेच विद्यार्थ्यांशी बोलले.

संध्याकाळी ५. दारं उघडतात नि नंबरातली पोरं मैदानालगतच्या बाकांकडे धावत सुटतात. हळूहळू १५,३०० जागा भरतात.

संध्याकाळी ७. पाहुण्या संघाची ओळख सुरू झाली की विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून त्यात तोंड खुपसतात, जणू समोर कोणी नाहीच. मग आपल्या संघाचं नाव येतं, त्याच कागदांचे कपटे हवेत उडतात आणि छप्पर दणाणून उठतं. २०१७ मध्ये इथला आवाज १३०.४ डेसिबल मोजला गेला. बाकं मैदानाला इतकी खेटून आहेत, की पाहुण्या खेळाडूला बाजूने चेंडू आत टाकताना पाठीमागचा प्रत्येक शब्द ऐकू येतो.

रात्री ९. विजय नक्की झाला की १८८६ पासूनचा ‘रॉक चॉक’ घोष संथ लयीत सुरू होतो. लोक पांगतात. सफाई कामगार वरच्या ओळीपासून खाली झाडत येतात. बाकांच्या फटींत अडकलेले कपटे हातानेच काढावे लागतात, आणि ते काम मध्यरात्रीपर्यंत पुरतं.