काष्ठ आणि प्रकाश

लाकूड आणि दिवा यांचे वैर पुरातन आहे. आपल्या जुन्या वाड्यांत तुळया, खांब, कडीपाट, देव्हारा असे सारे काही सागवानाचे असले, तरी प्रत्यक्ष ज्योत सांभाळणारी समई पितळेची, पणती मातीची आणि देवळापुढची दीपमाळ दगडाची. लाकडाच्या वाट्याला आले ते फार तर दिवा ठेवण्याचे दिवठाण, आणि तेही ज्योतीपासून अंतर राखूनच. १८७९ साली एडिसनचा दिवा उजळला आणि प्रकाश काचेत बंदिस्त झाला, तरी हे वैर मिटले नाही. कारण तारेचा तो दिवा घेतलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेतच दवडी, आणि असा साठ वॅटचा दिवा लाकडी आवरणात रोज जळू लागला म्हणजे आतले लाकूड सुकून काळवंडे व हळूहळू तडकू लागे. तह घडवून आणला तो एलईडीने. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञत्रयीस ज्या निळ्या एलईडीबद्दल २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच्यामुळे पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे शक्य झाले; आणि जुन्या साठ वॅटच्या दिव्याइतका, म्हणजे सुमारे आठशे ल्युमेन, प्रकाश आज आठ-नऊ वॅटमध्ये मिळतो. हाताने घडवलेल्या लाकडी दिव्यांना आज जे दिवस आले आहेत, त्यांचे मूळ अभिरुचीच्या पालटापेक्षा या शीतलतेत अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच असा दिवा घेताना रूपाच्या आधी उष्णतेचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे.

लाखकामाचे उदाहरण घ्यावे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे-खेळणी काय किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची काय, या कसबाचे मर्म पाहण्यासारखे आहे. कातारी लेथवर लाकूड फिरते ठेवतो, पटाशीने त्याला हवा तो घाट देतो, आणि मग रंगीत लाखेची कांडी त्या फिरत्या अंगावर दाबून धरतो. ब्रश नाही, भट्टी नाही, केवळ घर्षणाने उत्पन्न झालेल्या उष्णतेने लाख पाझरते आणि लाकडावर पातळ थराने पसरते. त्यावर केवड्याचे पान दाबले की त्या थराला आरशासारखी झळाळी चढते. पण जी उष्णता लाखेला लाकडावर चढवते तीच तिला बिघडवतेही. साधारण पंचाहत्तर-ऐंशी अंशांना लाख मऊ पडू लागते. तेव्हा लाखकामाच्या टेबलदिव्यात जुन्या तारेचा बल्ब लावण्यास सक्त मनाई समजावी. असा दिवा पुसताना स्पिरिटचाही स्पर्श होऊ देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते. बाजारात लाखेऐवजी तयार रंग दिलेले जिन्नसही असतात. विकत घेण्यापूर्वी विचारून खात्री करून घ्यावी.

लाकडाची पारख हा याहून नाजूक विषय. लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते, व त्यामुळे फुगते-आकसते; मात्र हे फुगणे-आकसणे तंतूंच्या आडव्या दिशेने होते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. कोकणातल्या पावसाळ्यात सुजलेले दार आपण सर्वांनी पाहिलेले आहे. म्हणून ज्या दिव्यात रुंद लाकडी चकती धातूच्या कड्यात घट्ट जखडलेली असेल, ती चकती एखाद्या उन्हाळ्यात चिरणार हे जाणावे. जाणता कारागीर स्क्रूचे भोक किंचित लांबट ठेवून लाकडाला हालण्यापुरती मोकळीक देतो. आंब्याचे लाकूड स्वस्त व देखणे, पण त्याला पोखरणारी कीड लवकर लागते. बोरॅक्स व बोरिक अॅसिडची प्रक्रिया झाली आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. सागाचा गाभा या बाबतीत बराच निर्धास्त.

पातळ पापुद्र्याचे, म्हणजे व्हीनियरचे, दिवे मला सर्वांत प्रिय आहेत. अर्ध्या मिलिमीटरचा सागाचा पापुद्रा दुकानाच्या दारात नेऊन उजेडासमोर धरावा: एरवी तपकिरी दिसणारे ते लाकूड आतून मधाळ तांबूस होते, आणि प्रत्येक रेघ स्वतंत्र उमटते. त्यात सुमारे २७०० केल्विनचा उबदार दिवा घालावा व खोक्यावरचा सीआरआय हा आकडा नव्वदच्या वर असल्याचे पाहून घ्यावे, म्हणजे लाकडाचा वर्ण यथातथ्य दिसतो. पट्ट्यापट्ट्यांचे झुंबर मात्र भिंतींवर छायांचे जाळे टाकते. बैठकीत ते शोभते, अभ्यासाच्या मेजावर ते डोळ्यांना त्रासच देते.

दिवा बसवण्याचे काम जाणत्या वायरमनकडे सोपवावे, पण देखरेख आपली असावी. काम सुरू होण्यापूर्वी मेन स्विच बंद झालाच पाहिजे. झुंबराचा भार वायरीवर कदापि टाकू नये. तो साखळीवर किंवा पोलादी तारेवर असावा, आणि ती साखळी फॉल्स सीलिंगच्या पत्र्याला नव्हे तर वरच्या स्लॅबमध्ये अँकर ठोकून अडकवावी. बटण नेहमी फेजच्या वायरीवर असावे. आट्यांचा होल्डर असल्यास फेज मधल्या टोकाला व न्यूट्रल आट्यांना जोडावा, नाहीतर बल्ब बदलताना हाताला धक्का बसण्याचा धोका राहतो. धातूचे भाग असतील तेथे अर्थिंगची तजवीज हवीच. जेवणाच्या मेजावरचा दिवा मेजापासून पंचाहत्तर ते पंच्याऐंशी सेंटिमीटर उंच टांगला म्हणजे ताटे उजळतात आणि समोरच्या माणसाचा चेहराही झाकला जात नाही.

एलईडी शीतल खरा, परंतु त्याची जी काही उष्णता आहे ती बुडाशी साठते. तिला वर जायला वाट नसेल तर दिव्याचे आयुष्य घटते, म्हणून आवरणाचा माथा संपूर्ण बंद असलेला दिवा, कितीही मोहक दिसला तरी, घेऊ नये. धूळ कोरड्या मऊ कुंचल्याने झाडावी. पहिला पावसाळा उलटला की मेन बंद करून सारे स्क्रू तपासावेत, कारण लाकूड आकसल्याने त्यांतले काही ढिले झालेले असतात.