बॅग हलकी झाली, पण वजन गेलं कुणाकडे?

सोनईहून पुन्हा एकदा तुमच्या हेडफोनमध्ये. सुट्ट्या लागल्या की प्रत्येक घरात एक वाद ठरलेला असतो, तो म्हणजे बॅग किती भरायची. आजचा भाग त्यावरच. उदाहरणाला मे महिना आणि चार माणसांची चार दिवसांची कोकण ट्रिप घेऊ. हरिहरेश्वर, दापोली, तुम्हाला आवडेल ते धरा.

हलकं सामान का, तर आपल्याकडून निघालं की गाडी बदलणं आलंच. घोडेगावला हायवेवर यायचं किंवा नगर स्टँड गाठायचं, मग पुणे. नगरची एसटी बरेचदा वाकडेवाडीला सोडते आणि कोकणची गाडी मिळते स्वारगेटला. रेल्वे धरायची तर राहुरी, नाहीतर श्रीरामपूर, ज्याच्या स्टेशनचं नाव आहे बेलापूर! रेल्वे स्लीपरला माणशी ४० किलो फुकट नेऊ देते. पण ते ४० किलो दादऱ्यावरून पलीकडच्या फलाटावर रेल्वे नेऊन देत नाही, आपला खांदाच नेतो. नियमात काय बसतं हे बघण्यापेक्षा जिन्यावर काय झेपतं हे बघा.

वजन नेमकं कुठे असतं?

घरात ताणकाटा असेल तर एकेक वस्तू लटकवून बघा. साधारण हिशोब असा निघतो: जीन्स पाऊण किलोच्या आसपास, टी-शर्ट दीड-दोनशे ग्रॅम, मोठा टर्किश टॉवेल अर्धा किलो, जादा बूट पाऊण ते एक किलो. आणि चाकांची ट्रॉली बॅग रिकामीच तीन-चार किलोची! विमानात केबिनला बहुतेक कंपन्या ७ किलो देतात, त्यातलं निम्मं बॅगच खाऊन टाकते. साधी सॅक किलोभरात बसते.

म्हणजे दोन टी-शर्ट कमी केल्याने फार काही होत नाही. जीन्स, टॉवेल, बूट आणि खुद्द बॅग, या चार गोष्टींवर आधी हात घाला.

नगरची सवय कोकणात चालत नाही

आपल्याकडे मे महिन्यात दोरीवर टाकलेलं कापड तासाभरात कडकडीत वाळतं. कोकणात ऊन असतं, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की कपड्यातलं पाणी सहज उडत नाही. तिथे धुतलेली जीन्स दुसऱ्या दिवशीही ओलसर लागते. मग ओली जीन्स पिशवीत कोंबायची, वास सहन करायचा आणि वजनही वाढवायचं.

म्हणून पातळ कपडे घ्या. एक अंगात, एक दोरीवर, एक बॅगेत, असे तीन जोड पुरतात. टॉवेलऐवजी पंचा. आजोबांचा पंचा दिसायला साधा, पण वजन टॉवेलच्या निम्म्याहून कमी आणि रात्रीतून वाळतो. अजून एक युक्ती. पिळलेला टी-शर्ट कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा पिळा. बरंच पाणी पंचा ओढून घेतो. मग पंख्याखाली टाका, सकाळी घालता येतो.

वारीतला माणूस हलका कसा चालतो?

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी किंवा छोटी पिशवी, गळ्यात टाळ, पावसासाठी प्लास्टिकचा कागद. बघणाऱ्याला वाटतं, किती कमी सामान! पण राहुट्या, मोठी पातेली, शिधा हे सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये असतं. त्यासाठी भिशी भरलेली असते आणि ट्रकवर कोण, स्वयंपाकाला कोण हेही ठरलेलं असतं. म्हणजे वजन गायब झालेलं नाही. ते एकत्र केलंय, आणि कोण उचलणार हे सगळ्यांना माहीत आहे.

आता घरच्या ट्रिपकडे बघा. मुलगा सांगतो, "माझी एकच सॅक, आपण मिनिमलिस्ट!" त्याचा चार्जर कुठे? आईच्या पर्समध्ये. पाण्याची बाटली? आईकडे. गोळ्या, कंगवा, खाऊ, सगळ्यांचे आधार कार्ड? आईकडेच. आमच्या कोडिंगच्या धंद्यात एका फाईलमधला कोड उचलून दुसऱ्या फाईलमध्ये टाकला, तर प्रोग्रॅम लहान झाला असं कुणी म्हणत नाही. इथेही तेच. बेरीज तेवढीच राहिली, फक्त एकाच माणसावर आली. आणि त्या माणसाला गुडघेदुखी असली तरी ती बोलून दाखवत नाही.

म्हणून एकच नियम लक्षात ठेवा: आपली बॅग मोजू नका, घराची बेरीज मोजा. पर्सही काट्याला लावायची. चारही आकडे मोबाईलमध्ये लिहा, मग वाटणी करा.

सामाईक काय, स्वतःचं काय

सामाईक: एक टूथपेस्ट, एक तेलाची छोटी बाटली, जास्त पोर्टचा एक चार्जर, एक पॉवर बँक. चार माणसांना चार चार्जर लागत नाहीत. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवा, सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १०००, म्हणजे ७४. चालते.

स्वतःचं: आपले कपडे, आपलं पाणी, आपला फोन, आपलं ओळखपत्र. रेल्वेत डिजीलॉकरमधलं आधार चालतं, पण सरकारी खात्याकडून आलेल्या कागदांच्या विभागातलं. स्वतः फोटो काढून चढवलेलं धरत नाहीत. तरी एक झेरॉक्स ठेवा, तिला बॅटरी लागत नाही.

गोळ्यांमध्ये मात्र काटकसर नको. बीपी, शुगर, दम्याचा पंप, जे काही रोजचं असेल ते दोन दिवस जास्तीचं घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. पट्टी कापून चार गोळ्या नेऊ नका. नाव आणि मुदत नेमकी कापलेल्या तुकड्यावर राहते, आणि अडचणीत मेडिकलवाल्याला दाखवायला काही उरत नाही.

खाऊची काळजी सोडा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटेतच संपतात. त्या जागेत येताना कोकम आणि काजू बसतात.

शेवटची परीक्षा

निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाने आपापली बॅग पाठीवर घेऊन गच्चीचा जिना दोनदा चढायचा. दम लागला तर बॅग उघडा आणि प्रत्येक वस्तूला विचारा: ही तिथल्या दुकानात मिळेल का? मिळणार असेल तर बाहेर काढा. "असू दे, लागली तर?" हे वाक्य बहुतेक वेळा साबण, पावडर आणि चौथ्या ड्रेसबद्दल असतं, आणि हे सगळं दापोलीच्या बाजारातही मिळतं.

शेजारी शिंगणापुरात घरांना दारं न लावण्याची परंपरा, आणि आपण मात्र चार दिवसांच्या सहलीला तीन कुलपं लावलेली बॅग ओढत नेतो! जरा कमी न्या मंडळी.

या आठवड्याचं काम सोपं आहे. घरातली पर्स ताणकाट्याला लावा आणि आकडा मला कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर मजेत रहा, आणि आपलं ओझं आपणच उचला!