नमुन्यांची पुस्तके आणि आजीची गोधडी

जुलै महिना आला की वाक्वा आणि क्यूरपीपकडच्या उंच भागात रात्रीचा गारठा वाढतो, आणि ज्या घरांत अजून जुनी ट्रंक आहे त्या घरांत ती उघडली जाते. आमच्याही घरी ती उघडली. तळाशी आजीच्या हातची गोधडी होती. एका बाजूची कड फाटली होती आणि आतले धोतराचे कापड बाहेर डोकावत होते. आमची पुतणी शेजारीच बसली होती. तिला अलीकडे रंगीत तुकडे जोडण्याचा छंद लागला आहे आणि तिच्याजवळ नमुन्यांचे एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातल्या प्रत्येक नमुन्याला नाव आहे. तिने सहज विचारले, "आत्या, आपल्या या नमुन्याचे नाव काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. जिला हे विचारता आले असते ती केव्हाच देवाघरी गेली. नाव राहो, फाटलेली कड पुन्हा कशी वळवायची हेही आमच्यापैकी कोणाला धड सांगता आले नाही. म्हणून वाचक भगिनींपुढे, आणि बंधूंपुढेही, हा विषय आज मांडत आहोत.

आधी त्या पुस्तकांविषयी थोडेसे. तुकडे जोडून पांघरूण शिवण्याची कला पुष्कळ देशांत आहे, पण तिचे नमुने छापून घरोघर पोहोचवण्याचे काम सर्वांत जोमाने झाले ते अमेरिकेत. तिथल्या 'गोडीज लेडीज बुक' या स्त्रियांच्या मासिकाने १८३५ साली षट्कोनी तुकड्यांचा, मधमाशीच्या पोळ्यासारखा नमुना छापला होता. पुढे १९१५ साली मेरी वेबस्टर या बाईंनी या विषयावर पुस्तक लिहिले. निव्वळ गोधड्यांना वाहिलेले अमेरिकेतले ते पहिले पुस्तक मानतात. त्यात इतिहास होता आणि कृतीही होती.

या पुस्तकांत नेमके काय असते? सगळे पांघरूण एकदम न शिवता त्याचे सारख्या मापाचे चौकोन पाडतात. त्याला ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकची आकृती, तुकड्यांची मापे, पुठ्ठ्याचे साचे आणि जोडण्याचा क्रम पुस्तकात दिलेला असतो. ब्लॉक तयार झाले की ते जोडून वरचा थर होतो. खाली अस्तर, मध्ये कापूस, आणि तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र. शेवटी कडेने गोट. हे जमले की एकच आकृती उशीच्या अभ्र्यापासून पलंगपोसापर्यंत कशालाही वापरता येते.

पण आमच्या मनाला खरी गोडी लागली ती नावांची. रूथ फिन्ली या लेखिकेने १९२९ सालच्या आपल्या पुस्तकात एक गंमत नोंदवली आहे. एकाच नमुन्याला ओहायोकडे 'अस्वलाचा पंजा' म्हणत, लाँग आयलंडवर 'चिखलातले बदकाचे पाऊल' म्हणत, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळींत 'मैत्रीचा हात'. कापड तेच, कात्री तीच. जिच्या दारात जे दिसे ते नाव तिने दिले. 'लॉग केबिन' नावाचा नमुना लाकडी ओंडक्यांच्या घरावरून आला. त्याच्या मध्यभागी बहुधा लाल चौकोन घेतात आणि ती घरातल्या चुलीची खूण समजतात.

आता आपल्याकडे वळू. रत्नागिरी, सातारा भागांतून आपले पूर्वज या बेटावर आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात पुस्तक नव्हते. करारात वर्षाकाठी धोतर, चादर, कांबळे असे कपडे नेमून दिलेले असत. ते विरले की फेकून देण्याची चैन कोणाला होती? जुनेर झाले की त्याची गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणे. तान्ह्या बाळासाठी मऊ कापडाचे लहानसे दुपटे होई आणि ते बाळंतविड्यात मानाने ठेवत. जमिनीवर थरावर थर पसरायचे, चारी बाजूंनी टाचून घ्यायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. माप वितीचे आणि बोटाचे. पुस्तक म्हणजे सासू, आणि सासूचे पुस्तक तिची सासू.

याच बेटावर आपल्या शेजाऱ्यांकडेही ही विद्या होती. क्रिओल घरांतली 'तापी मांदियां', म्हणजे शब्दशः भिकाऱ्याचा गालिचा, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. शेजारच्या रीयूनियन बेटावरही ती आहे. नाव भिकाऱ्याचे, पण रंगांची श्रीमंती डोळ्यांत भरते. पुढे १९७० साली निर्यात उद्योगाचा कायदा झाला, कपड्यांचे कारखाने निघाले, आणि कामाला जाणाऱ्या मुलीबाळींबरोबर कापलेल्या कापडाचे उरलेसुरले तुकडे घरी येऊ लागले. आमच्या घरची उशांची कितीतरी खोळी त्या तुकड्यांची होती. २००५ साली जागतिक कापड व्यापारातला जुना कोटा संपला. त्याच्या आगेमागे बरेच कारखाने बंद पडले आणि तुकड्यांची ती आवकही आटली.

कोणी म्हणेल, पुस्तकाशिवाय इतके चालले, मग आता पुस्तक कशाला? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतच अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायका पिढ्यान्पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवत आल्या, आणि बऱ्याच वेळा छापील नमुना बाजूला ठेवून आपल्या मनाने शिवत आल्या. त्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले तेव्हा मोठमोठे जाणकार थक्क झाले. भारतात कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकाही साच्याशिवाय 'कवंदी' शिवतात. कडेपासून मध्याकडे शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांवर घडीचे फूल बसवतात. फुलावाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून समुद्र ओलांडून भारतात गेले. आपले पूर्वज तोच समुद्र उलट दिशेने ओलांडून इथे आले. सुई दोघांनीही सोडली नाही.

पण एक फरक ध्यानात घ्या. जीज बेंडला आणि सिद्दींच्या गावांत मुलगी आईच्या मांडीशी बसून शिकत होती. आपल्या घरांत ती साखळी तुटली. मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या. हे चांगलेच झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र जे ज्ञान केवळ हातात होते ते हातांबरोबर गेले. तोंडी विद्येची साखळी शाबूत असेल तर पुस्तक नसले तरी चालते. साखळी तुटली की पुस्तकावाचून मार्ग नाही.

म्हणून आम्ही पुतणीच्या पुस्तकाला हाताशी घेतले आणि आजीच्या गोधडीची फाटकी कड आणखी वीतभर उसवली. आत काय निघाले? वर लुगड्याचा थर, त्याखाली धोतर, आणि त्याखाली आणखी एक जुनी, झिजलेली गोधडी, तिच्या धावदोऱ्यासकट! आजीने आपल्या सासूच्या गोधडीवर नवे कापड चढवले होते. पुस्तकात मधल्या थराला कापूस सांगितला आहे. आपल्याकडे मधला थर मागच्या पिढीचा. हे कोणत्याही छापील पुस्तकात आम्हांला सापडले नसते. पण पुस्तकाने थर मोजायला शिकवले नसते तर आम्ही उसवूनही पाहिले नसते.

ज्यांना हात घालावासा वाटेल त्यांच्यासाठी एक सोपे काम सांगतो. नऊ तुकड्यांचा ब्लॉक घ्या. गडद रंगाचे पाच आणि फिके चार असे साडेचार इंची चौकोन कापा. प्रत्येक कडेला पाव इंच शिलाईत जाईल, म्हणजे तीन ओळी जोडल्यावर बारा इंचांचा ब्लॉक होईल. असे नऊ ब्लॉक तीन-तीनच्या ओळींत लावले की छत्तीस इंचांचे चौरस दुपटे तयार. एकूण तुकडे एक्याऐंशी, गडद पंचेचाळीस, फिके छत्तीस. गोटासाठी जुन्या साडीचा काठ वापरा, बाजारच्या फितीपेक्षा तो शोभून दिसतो.

दोनतीन गोष्टी आम्ही चुकून शिकलो त्याही सांगून ठेवतो. कापड कापण्याआधी धुऊन घ्या, आणि ओला पांढरा फडका घासून रंग उतरतो का ते पाहा. आमच्या पहिल्या दुपट्याचा लाल रंग सगळीकडे पसरला. सुताला सूतच जोडा. टी-शर्टचे विणलेले कापड ताणले जाते आणि नायलॉनची साडी सुईखाली सरकते. आणि पहिल्याच खेपेला पलंगपोस काढायला बसू नका. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण गोधडी शिवणाऱ्यालाही लागू आहे.

आता आमची विनंती. अमेरिकेतल्या 'कॅन्सस सिटी स्टार' या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात गोधडीचे हजारावर नमुने छापले. त्यांतले कित्येक वाचक बायकांनीच पाठवलेले होते. शेतावरच्या बायका ती कात्रणे कापून वहीत चिकटवून ठेवत, आणि आज त्या वह्या इतिहास म्हणून जपल्या जातात. एका वृत्तपत्राचे पान हे करू शकले. आपले पान लहान आहे, पण आठवड्याला एका गोधडीपुरती जागा त्यात निश्चित निघेल.

तेव्हा ट्रंका उघडा. घरात कोणी सत्तरी-ऐंशी ओलांडलेले असेल तर आजच जवळ बसून विचारा. गोधडी कोणी शिवली, कोणत्या कपड्यांची, किती थरांची, टाके कुठून सुरू केले, आणि घरात तिला काय म्हणत, एवढे पाच ओळींत लिहून आमच्याकडे पाठवा. चौकटी कागदावर आकृती काढून पाठवलीत तर अधिकच उत्तम. मराठी लिहिण्याची सवय मोडली असेल तर क्रिओलमध्ये लिहा, आम्ही उतरवून घेऊ.

आमची कड पुतणीने शिवून दिली. तिने एक वहीही केली आहे. पहिल्या पानावर आजीच्या गोधडीची आकृती, थरांची नोंद आणि शिवणारणीचे नाव आहे. नमुन्याच्या नावाची जागा तिने मोकळी ठेवली आहे. तुमच्यापैकी कोणाच्या आजीला ते ठाऊक असेल, तर कळवावे.