डोंगरचढीची क्वाड : इंजिनाआधी शरीराचा विचार

‘माझा मुलगा अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात नोकरीस आहे. सुटीच्या दिवशी डोंगरवाटांवर हिंडण्यासाठी त्याला स्पोर्ट क्वाड घ्यायची आहे. ही गाडी धोक्याची असते का? आणि घ्यायचीच झाली तर कोणती घ्यावी?’ असे पत्र एका वाचकांकडून आले आहे.

गाडीचा प्रश्न डॉक्टरला कशाला, असे कोणास वाटेल. परंतु या गाडीची निवड चुकली तर त्याची किंमत शरीराला मोजावी लागते. शिवाय आपल्याकडेही थंड हवेच्या ठिकाणी आणि समुद्रकिनाऱ्यांवर क्वाड भाड्याने मिळू लागल्या आहेत. सुटीत आईवडील कौतुकाने मुलांना त्यावर बसवतात. म्हणून हा विषय थोडा सविस्तर घेत आहे.

क्वाड म्हणजे काय?

दुचाकीसारखे हॅन्डल, मांड टाकून बसायची सीट आणि खाली कमी हवेची चार फुगीर चाके, अशी ही गाडी असते. अ‍ॅक्सिलरेटर मूठ पिळून नव्हे, तर उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा असतो. शेतीकामाची क्वाड वजनदार असते, तिची बहुधा चारही चाके ओढतात आणि पुढे-मागे सामानाचे कठडे असतात. स्पोर्ट क्वाड त्या मानाने हलकी व बुटकी असते. तिची फक्त मागची दोन चाके ओढतात आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर लांब पल्ल्याचे असतात.

या गाड्यांची सुरुवात तीन चाकांनी झाली. होंडा कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत अशी तीनचाकी विक्रीस आणली. पुढे तिच्या उलटण्याच्या अपघातांचा एवढा बोभाटा झाला, की १९८८ मध्ये सरकार व कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. २००८ च्या कायद्याने तिच्यावर रीतसर बंदी आली. दरम्यान सुझुकीने १९८० नंतरच्या दशकात चारचाकी क्वाड आणली व १९८५ मध्ये तिचा वेगवान अवतारही बाजारात आला. चौथे चाक आल्याने गाडी अधिक स्थिर झाली हे खरे. पण धोका संपला, असे मात्र नाही.

चढावर नेमके काय होते?

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे चटकन समजेल. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाते. क्वाडचेही तसेच आहे. चढावर गाडीचा आणि चालकाचा मिळून भार मागच्या चाकांवर सरकतो. त्यातच अंगठा जोरात दाबला, तर पुढची चाके हवेत उठतात आणि गाडी मागे उलटते.

दुचाकी पडली तर चालक बहुधा बाजूला फेकला जातो. क्वाड मात्र अनेकदा चालकाच्या अंगावर येते. आधी तो खाली पडतो आणि मागून दोनशे किलोच्या आसपासचे लोखंड त्याच्या छातीवर येते. कॉलर बोन, मनगट, बरगड्या आणि मणके मोडतात, डोक्याला मार लागतो. एकही हाड मोडले नाही तरी माणूस दगावू शकतो, कारण छाती दबून राहिली तर श्वास घेता येत नाही. सोडवायला जवळ कोणी नसेल तर काही मिनिटांत खेळ संपतो.

म्हणून दुकानात गेल्यावर ‘किती सीसी?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘ही गाडी माझ्या अंगाला, ताकदीला आणि सवयीला झेपेल का?’ हा पहिला प्रश्न असावा.

निवडताना काय पाहावे?

वजन : होंडाची २५० सीसीची स्पोर्ट क्वाड पेट्रोलसह सुमारे १७५ किलो भरते, यामाहाची ४५० सीसीची सुमारे १८४ आणि ७०० सीसी वर्गातील रॅप्टर सुमारे १९० किलो. आकडे जवळजवळचे दिसतात, पण चढावर अडकलेली गाडी हाताने वळवून घ्यायची वेळ आली की दहा-पंधरा किलोंचा फरकही कळतो. साठ किलोच्या माणसाने तर वजनाचा तक्ता सर्वांत आधी वाचावा.

इंजिनाचा स्वभाव : शर्यतीसाठी बनवलेली ४५० सीसीची इंजिने जास्त फेऱ्यांवर जोर देतात. सपाट मैदानावर त्याची मजा असते. परंतु दगडधोंड्यांतून सावकाश चढताना फेऱ्या कमी होतात, इंजिन बंद पडते, आणि चढाच्या मध्येच बंद पडणे हीच अपघाताची सुरुवात असते. डोंगरवाटेसाठी कमी फेऱ्यांवर एकसारखा ओढणारे इंजिन उत्तम. मोठ्या एका सिलिंडरचे ७०० सीसीचे इंजिन असे ओढते, पण त्याचा झटका नवख्याच्या हाताला आवरत नाही. म्हणून शिकणाऱ्या प्रौढाने २५० ते ४०० सीसीच्या दरम्यान थांबावे, असा माझा सल्ला आहे.

रिव्हर्स गिअर : ही बाब किरकोळ वाटते, पण डोंगरात फार महत्त्वाची आहे. पुढे वाट संपली आणि गाडीला मागे जाता येत नसेल, तर चालक उताराला आडवी वळवू पाहतो आणि तिथेच ती कलंडते. यामाहाच्या शर्यतीच्या ४५० ला रिव्हर्स नाही, रॅप्टर ७०० ला आहे, होंडाच्या २५० लाही आहे.

रुंदी : रुंद गाडी आडव्या उतारावर कमी कलंडते. पण अमेरिकेतील सरकारी जंगलांतील अनेक वाटांवर ५० इंचांपर्यंतच्या गाडीलाच परवानगी असते. रॅप्टर सुमारे ४६ इंच व यामाहाची ४५० सुमारे ४९ इंच रुंद आहे. काही जण नंतर जास्त लांबीचे सुटे भाग बसवून गाडी रुंद करतात. मग गाडी या मर्यादेबाहेर जाते आणि अरुंद वाटेवर झाडाला अडते.

पायांचे रक्षण : स्पोर्ट क्वाडवर पाय टेकायला फक्त खुंट्या असतात. पाय घसरून जमिनीला लागला तर मागचे चाक त्यावर चढते आणि घोटा मुरगळून मोडतो. टाचेमागे आडोसा आणि दोन्ही बाजूंना जाळीची पट्टी बसवलेली गाडीच घ्यावी.

बंद करण्याची दोरी : मनगटाला बांधायची एक दोरी मिळते. चालक पडला की ती सुटून इंजिन बंद होते. खर्च थोडा आहे, पण चालकाविना धावणारी गाडी तिथल्या तिथे थांबते.

अंगाचे माप कसे घ्यावे?

गाडी स्टँडवर नव्हे, सपाट जमिनीवर असावी. खुंट्यांवर सरळ उभे राहा. सीट आणि मांड्यांच्या सांध्यात निदान तीन इंच अंतर सुटले पाहिजे, कारण खडबडीत वाटेवर उभ्यानेच चालवावे लागते. आता बसा. हॅन्डल पूर्ण वळवले तरी कोपर किंचित वाकलेलेच राहावे. ब्रेकच्या दांड्यापर्यंत बोटे सहज पोचावीत आणि टाच न उचलता पायाचा ब्रेक दाबता यावा. हॅन्डल वळलेले असतानाही अंगठा अ‍ॅक्सिलरेटरवर नीट चालला पाहिजे. यातली एक गोष्ट जरी जमली नाही, तर ती गाडी आपली नाही असे समजावे. सीट लांब असते म्हणून मागे दुसरा बसवू नये. ती लांबी चालकाने अंग पुढे-मागे सरकवण्यासाठी असते.

मुलांसाठी नियम वेगळा

प्रौढांच्या मापाची क्वाड १६ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना अमेरिकेत गाडीवरच चिकटवलेली असते. तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखालील मुलांनी कोणतीच क्वाड चालवू नये, असे सांगते. कारण सरळ आहे. मुलाचे वजन गाडीचा तोल सावरायला पुरत नाही, आणि वेग व अंतर यांचा अंदाजही त्या वयात कच्चा असतो.

काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांचा एक मुलगा पोटदुखीसाठी माझ्याकडे आणला गेला. आदल्या दिवशी सहलीत तो भाड्याच्या क्वाडवर बसला होता. गाडी झाडाला थडकली आणि हॅन्डलचे टोक त्याच्या पोटात घुसले. वरून फक्त रुपयाएवढा वळ होता. मुलगा खेळत होता, रात्री जेवलाही होता. पण आता तो पांढराफटक दिसत होता, नाडी जलद होती आणि ‘डावा खांदा दुखतो’ असे सांगत होता. खांद्याला काहीही लागलेले नव्हते. पोटात रक्त साचून छाती व पोट यांमधील पडद्याला लागले की डावा खांदा दुखू लागतो. त्याच्या प्लीहेला चीर गेली होती. त्याच तासाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवल्यामुळे तो वाचला. हॅन्डलचा मार पोटाला लागला असेल, तर वरची खूण कितीही लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. प्लीहा, यकृत, स्वादुपिंड यांची इजा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही डोके वर काढते.

कोणी चालवू नये?

फिटचा आजार असणारे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे, ठिसूळ हाडांचा किंवा मणक्याचा त्रास असणारे, नुकतेच ऑपरेशन झालेले आणि गर्भवती स्त्रिया यांनी या गाडीपासून दूर राहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर ठेवावी. सर्दीच्या कित्येक गोळ्यांनी झापड येते, त्या घेऊन डोंगरात जाऊ नये. दारूबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण सांगतो : एक पेलासुद्धा नको.

अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे १८ वर्षांखालील चालकाला कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे. माझ्या मते वयाचा प्रश्नच नाही, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, घोट्यावर येणारे बूट आणि हातमोजे सर्वांनीच घालावेत. मात्र एवढ्या कपड्यांत घाम फार जातो. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. डोके दुखू लागले किंवा मळमळले तर सावलीत थांबावे.

चढताना आणि उतरताना

चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. अंग पुढे झुकवावे, चढ तीव्र असेल तर खुंट्यांवर उभे राहून भार पुढच्या चाकांवर आणावा. चढाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नसेल, तर आधी पायी जाऊन पाहावे. उतरताना अंग मागे सरकवावे. आडवे जाताना अंग डोंगराच्या बाजूला झुकवावे.

मध्येच इंजिन बंद पडले तर गाडी मागे घसरू देऊ नये. अंग पुढेच ठेवून ब्रेक धरावा. घसरू लागलीच तर पुढचा ब्रेक हळूहळू दाबावा. एकट्या मागच्या ब्रेकचा झटका दिला की गाडी मागे उलटते. गाडी पूर्ण थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावावा आणि डोंगराच्या बाजूने उतरावे. गाडी उलटणारच असे दिसले, तर ती सावरण्याचा हट्ट सोडून बाजूला व्हावे. गाडी पुन्हा घेता येते.

अपघात झालाच तर

प्रथम इंजिन बंद करा आणि छातीवर किंवा मानेवर गाडी असेल तर ती ताबडतोब उचला. त्यानंतर मात्र रुग्णाला घाईने उठवू, बसवू नका. मान दोन्ही हातांनी स्थिर धरा. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. पाणी, चहा काही पाजू नका, कारण ऑपरेशनची वेळ येऊ शकते. महाराष्ट्रात १०८ आणि अमेरिकेत ९११ या क्रमांकावर फोन करा. मातीने भरलेली जखम असेल आणि मागील पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले नसेल, तर ते घ्यावे.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे : एकट्याने जाऊ नये. दोन गाड्या, दोन माणसे, आणि कोठे जातो व केव्हा परत येणार हे घरी सांगून जावे. डोंगरात पुष्कळ ठिकाणी फोन लागत नाही. छातीवर पडलेली गाडी उचलायला त्या क्षणी जवळ असलेला सोबतीच उपयोगी पडतो, डॉक्टर फार नंतर येतो.